डबल बेडची वाकळ : एका ऑर्डरचं प्रकरण

९ ऑगस्ट २०२४, नागपंचमी. दुपारी पुरणाचे हात धुऊन बसले होते, तेव्हा फोन आला. महाबळेश्वरच्या बाजूला एका गृहस्थांनी जुन्या घराचा होमस्टे केला होता. सहा खोल्या. दिवाळीच्या सुट्टीत तो सुरू करायचा होता. त्यांना बारा गोधड्या हव्या होत्या, सगळ्या डबल बेडच्या, एकेका खोलीला दोन. भाव त्यांनीच सांगितला, नगाला २,२०० रुपये. मी "हो" म्हणाले. या प्रकरणातली पहिली चूक तीच, आणि ती माझी.

मी कऱ्हाडात राहते. माझं माहेर कृष्णाकाठी, एसटीने पाऊण तासावर. तिथल्या पाच बायकांकडून तीन वर्षं मी गोधड्या शिवून घेत होते, पण सुट्या, चार-दोन. कुणाच्या बाळंतपणासाठी दुपटं, कुणाला परदेशातल्या मुलीला पाठवायला एक. बाराची ऑर्डर पहिलीच. पाच जणींत सगळ्यात थोरली माझी चुलत चुलती, सगळं गाव तिला आक्का म्हणतं. बाकीच्या दोन भावजया, एक शेजारची मावशी आणि आक्काची सून. गोधडी हा शब्द या घरात फक्त मी वापरते. त्यांच्या तोंडी वाकळ.

फोननंतर लगेच व्हॉट्सॲपवर फोटो आला. फिकट गुलाबी, फिकट निळे, साईच्या रंगाचे सारखे चौकोन, एकही कड वाकडी नाही. खाली लिहिलेलं : "असा गावठी लूक पाहिजे." फोटो अमेरिकन धाटणीच्या पॅचवर्कचा होता. त्या प्रकारात वर तुकडे जोडलेलं कापड, खाली अस्तर आणि मध्ये कापसाचा थर असतो. टाके त्या कापसाला जागेवर धरतात, म्हणून ते लांब लांब असले तरी चालतं. वाकळेत कापूस नसतोच. जुन्या लुगड्यांचे थर एकावर एक, आणि सगळा जीव टाक्यांत. मी फोटो आक्काला दाखवला. तिने चष्मा वर करून बघितला आणि म्हणाली, "ह्यात कुणी निजलेलं दिसत न्हाई."

कापड

वाकळ कशी जमते हे समजायला नऊवारी लुगड्याचं माप ध्यानात घ्यावं लागतं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर. त्याची चौघडी घातली की दोन मीटर लांब आणि लुगड्याच्या पन्ह्याएवढा रुंद, असे चार थर होतात. एका माणसाचं पांघरूण. कापायला नको, जोडायला नको. वाकळेचं माप कुणी ठरवलेलंच नाही, ते लुगड्यातून आलंय. डबल बेडचं माप लुगड्यात नाही. साडेसात बाय आठ फुटांसाठी पन्ह्याला पन्हा जोडायचा, म्हणजे मधोमध शिवण आली. शिवणीवर जाड झालं, आणि जाडावर सुई अडते.

शिवाय लुगडी आहेत कुठे? गावात रोज नऊवारी नेसणाऱ्या मी मोजल्या, सात. सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. बाकी सगळ्यांच्या अंगावर सुरती सिंथेटिक साडी किंवा गाऊन. एके काळी आमच्या भागात घरोघर इरकल होतं, इचलकरंजीची सुती पातळं होती. ती धुऊन धुऊन मऊ व्हायची आणि शेवटी वाकळेच्या पोटात जायची. सिंथेटिक साडी मऊ पडत नाही, ती आधीपासूनच गुळगुळीत. थर एकमेकांवरून घसरतात, टाका ओढला की चुण्या पडतात, आणि घाम शोषत नाही ते वेगळंच. तरी गावातल्या नव्या वाकळा आता त्याच साड्यांच्या असतात, कारण घरात त्याच आहेत. होमस्टेवाल्यांना गावाकडची वस्तू हवी होती. खरोखर गावाकडची आजची वाकळ दाखवली असती, तर त्यांनी ती परत केली असती.

मग सुती कापड शोधणं आलं. कऱ्हाडला जुन्या कपड्यांवर भांडी देणाऱ्या बोहारणी असतात. त्यातल्या एकीकडून मी गठ्ठे घेतले. ती प्रत्येक साडीला "कॉटनच हाय" म्हणायची. म्हणून पदराचा एक धागा ओढायचा आणि काडी लावायची. सुती धागा कागदासारखा जळतो, तसाच वास, मागे राखाडी भुगा. पॉलिएस्टर आक्रसतं, वितळतं आणि थंड झालं की टोकाला काळा कडक मणी होतो. मिश्र सूत असेल तर थोडी राख आणि थोडा मणी. मला अंगणात धागे जाळताना बघून एका पोराने विचारलं, "आत्या, करणी काढताय का?"

गावातून अकरा लुगडी मिळाली. बारावं मिळालं नाही, ते सांगायला हवं. एका घरी सासू वर्षभरापूर्वी गेली होती. तिची तीन धुवट लुगडी ट्रंकेत घडी घालून ठेवलेली. सुनेने ती काढून दाखवली, मी हात लावला, तेवढ्यात तिचा नवरा आत आला. "कशाला पाहिजेत?" मी सांगितलं. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "आईचं लुगडं आमच्या पोरांच्या अंगावर पडलं तर चालंल. हाटेलात न्हाई." ट्रंक बंद झाली. मी त्याला पैसे विचारायच्या बेतात होते, नाही विचारले ते बरं झालं. वाकळेत कुणाचं तरी नेसूचं असतं, पांघरणाऱ्याला ते माहीत असतं. जिजीची वाकळ, आत्याची वाकळ. विकायच्या वाकळेतून पहिल्यांदा ते नाव जातं.

पहिला नमुना

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात नमुन्याची एक डबल घातली. सोप्यातल्या शहाबादी फरशीवर थर अंथरले, चारी कोपऱ्यांवर कळशी, पाटा, खलबत्ता आणि विळी. हाताने मधून बाहेर चुण्या काढल्या, मग लांब कच्चे टाके. वरच्या बाजूला मी त्या फोटोची आठवण म्हणून चौकोन लावायला सांगितले होते. फिकट रंग आणायचे कुठून? आक्काने डब्यातून खणांचे तुकडे काढले. लाल, हिरवे, जांभळे. मध्ये पांढऱ्या धोतराचे चौकोन. छान दिसत होतं, खोटं कशाला बोलू.

एक ओळ टाकायला किती वेळ लागतो हे मी त्या दिवशी पहिल्यांदा घड्याळ लावून बघितलं. आक्का बोटाला चिंधी गुंडाळते, अंगुस्तान तिला चालत नाही. सुई थरांत खालीवर करत पाच-सहा टाके भरते, मग एकदम ओढते, डाव्या अंगठ्याने ओळ दाबून सपाट करते, पुन्हा भरते. दोन मीटरच्या ओळीला पंधरा मिनिटं, म्हणजे तासाला आठ मीटर. आणि दोन ओळींत अंतर करंगळीच्या नखाएवढं, जेमतेम एक सेंटिमीटर.

मग मी पहिल्याच दिवशी करायला हवा होता तो हिशेब केला. साध्या एकेरी वाकळेत, चार बाय साडेसहा फुटांच्या, या अंतराने सुमारे २४० मीटर टाका पडतो. तीस तास. डबलमध्ये सुमारे ५६० मीटर, सत्तर तास. आमच्याकडे बाईचा रोज तेव्हा ३०० रुपये होता, सहा तासांचं काम, म्हणजे तासाला ५०. नुसत्या टाक्यांचेच साडेतीन हजार झाले. ऑर्डर २,२०० ची.

होमस्टेवाल्यांना मी दोष देत नाही. त्यांनी एकेरी गोधडी कुठेतरी अकराशेला बघितली होती आणि दुप्पट केली. बेड दुप्पट, भाव दुप्पट. पण टाका बेडच्या रुंदीवर चालत नाही, क्षेत्रफळावर चालतो. आणि अकराशेची ती गोधडी बहुतेक मशीनवर शिवलेली असणार. मशीनचा टाका सरळ रेघ मारतो, हाताच्या टाक्याने कापडाला बारीक सुरकुती पडते, त्या सुरकुतीत हवा राहते, ऊब तिथून येते. ही मी केलेली थिअरी आहे. आक्काच्या मते ऊब लुगड्यातून येते.

मी तिला म्हटलं, अंतर वाढवू, अंगठ्याएवढं ठेवू, निम्म्या वेळात होईल. तिने सुई खाली ठेवली. "अंगठ्याएवढ्या अंतरानं टाका घातला तर ती वाकळ न्हाई पोरी, बारदान. दोन पावसाळ्यांत आतलं लुगडं गोळा होतंय."

दोघीजणी रोज दुपारचे तीन तास बसल्या, पण नमुन्याला सप्टेंबर उजाडला. मध्ये दोन दिवस बँकेत गेले. लाडक्या बहिणीचे पैसे नुकतेच पडायला लागले होते आणि आधार जोडायला गावच्या सगळ्या बायका रांगेत होत्या. त्या पंधरवड्यात कुठलंच काम वेळेवर झालं नसेल.

नमुना मी घरी आणला आणि होमस्टेत धुतील तसा मशीनमध्ये धुतला. खणाचा लाल रंग सगळ्या धोतरभर. पांढरे चौकोन रंगपंचमीनंतरच्या सदऱ्यासारखे. खण आधी मिठाच्या पाण्यात भिजवले होते. सगळ्याच सांगतात की मिठाने रंग बसतो. तिसऱ्या धुण्यालाही पाणी गुलाबीच निघालं. आमच्या घरच्या वाकळेत लाल कापड असतं तेव्हा ते आधीच दहा वर्षं नेसून, धुऊन फिकं पडलेलं असतं, म्हणून हा प्रश्नच कधी आला नव्हता. कोरे खण मीच फोटोच्या नादाने घ्यायला लावले. तेव्हापासून प्रत्येक रंगीत तुकड्यावर ओला पांढरा रुमाल जोरात घासून बघते. रुमालाला रंग लागला तर तुकडा बाजूला.

बोलणी

गणपतीच्या तीन दिवस आधी मी वर, होमस्टेवर, जाऊन आले. फोनवर हे बोलणं झालं नसतं. पिशवीत डागाळलेली डबल आणि घरातली एक जुनी एकेरी वाकळ, आजीची. डाग मी लपवला नाही. भावाबद्दल बोलायचं मनाशी जुळवून गेले होते, पण तिथे पोचल्यावर वेगळंच सुचलं. व्हरांड्यात दोरीवर चादरी टाकल्या होत्या, पाऊस उभा कोसळत होता. मी विचारलं, "चादर वाळायला किती दिवस लागतात?"

"चार. कधी पाच."

महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यातला जवळपास सगळा चार महिन्यांत. साठ चौरस फुटांची चार थरांची वाकळ ओली झाली की दोन माणसांशिवाय उचलत नाही, आणि त्या हवेत ती वाळण्याआधी तिला बुरशीचा वास येईल. एकेरी वाकळ एक जण पिळू शकतो, दोरीवर मावते, चुलीच्या खोलीत एका रात्रीत कोरडी होते. हे ऐकल्यावर ते गृहस्थ भानावर आले. मग मी दुसरी गोष्ट सांगितली. गावात एका पांघरुणात दोघं निजत नाहीत, लेकरू सोडलं तर. ज्याची त्याची वाकळ. त्यांना ती कल्पना एवढी आवडली की खोलीतल्या माहितीच्या कागदावर ती लिहायची म्हणाले. म्हटलं, लिहा.

ठरलं ते असं. बारा डबलच्या जागी अठरा एकेरी, खोलीला तीन. नगाला १,६०० रुपये. रंग वापरून मऊ पडलेल्या सुती साड्यांचे, जसे मिळतील तसे. चौकोन नाहीत, लुगड्याचे काठ तसेच ठेवायचे. फोटो रद्द.

अंतराचा तिढा आक्कानेच सोडवला. वाकळ फाटते ती काठाकडून, कारण ओढाताण काठाची होते. तिने कडेने आत येत चार फेरे नखाच्या अंतराने घातले आणि मग पोटात अंतर वाढवत नेलं. बारदान नाही आणि तीस तासही नाहीत. एका वाकळेला सरासरी वीस तास टाक्यांचे, तीन तास अंथरणं-जोडणं. बायकांना नगाला १,१५० रुपये द्यायचे ठरले.

काम

गौरी-गणपती झाले आणि पाचही जणी बसल्या. दुपारी दीड ते चार. टीव्ही बंद, कारण टीव्ही चालू असला की सुई थांबते हे त्यांनाच कळलं. पितृपंधरवडा लागला तेव्हा मावशीने नवी वाकळ अंथरायला नकार दिला. आधी अंथरलेल्या पुऱ्या करीन म्हणाली. म्हणून पक्ष लागायच्या आदल्या रात्री आम्ही सहा वाकळा एकदम अंथरून कच्चे टाके घालून ठेवले. शास्त्रही राहिलं आणि ऑर्डरही.

घटस्थापना ३ ऑक्टोबरची. त्याच्या आधी घरातली सगळी पांघरुणं धुवायची हा आमच्याकडचा नेम. दोन दिवस नदीवर धुणंच धुणं, दगडांवर पसरलेल्या वाकळा, त्यात यंदा आमच्या नऊ नव्या. तेव्हा एक गोष्ट दिसली. दगडांवर वाळत पडलेल्यांत निम्मी पांघरुणं वाकळा नव्हतीच. पानिपतची मिंक ब्लँकेटं होती, मोठ्या गुलाबांची, वाघांची. आक्काच्या सुनेला विचारलं, तुम्ही काय पांघरता? ती हसली. "मिंक. हलकं असतंय वन्सं. वाकळ कोण उचलणार रोज?" तिच्या मांडीवर तेव्हा होमस्टेची दहावी वाकळ होती.

ऑक्टोबरात सोयाबीन काढणीला आलं आणि दोघी शेतात गेल्या. त्यांना मी थांबवू शकत नव्हते. काढणीला अंगावर घेतलेल्या कामाचे ५०० सुटत होते. उरलेल्या तिघींनी पाच पुऱ्या केल्या. दिवाळीला चौदा गेल्या, चार मागून.

त्या आधी एक दिवस होमस्टेवाले स्वतः गावात आले. त्यांना बायका शिवत असतानाचे फोटो हवे होते. आक्काने चहा केला. पाचही जणी होत्या. चौघी गाऊनवर ओढणी घेतलेल्या, एकटी आक्का इरकलमध्ये. त्यांनी फार अदबीने विचारलं, सगळ्यांनी नऊवारी नेसली तर बरं दिसेल, मिळेल का?

थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मग थोरली भावजय मांडीवरच्या वाकळेकडे बोट दाखवून म्हणाली, "व्हती की दादा. ह्यात घातली तुमच्याच."

ते हसले, आम्हीही हसलो. फोटो गाऊनमध्येच निघाले. नंतर त्यांनी फक्त हातांचे फोटो वापरले असं कळलं.

हिशेब

आलेले : १८ × १,६०० = २८,८०० रुपये, त्यातले ८,८०० आगाऊ.

गेलेले : शिलाई २०,७००, कापड २,१६०, दोरा ७२०, बिघडलेल्या नमुन्याची शिलाई ३,८००, त्याचं कापड-दोरा ६००, ने-आण १,४००. एकूण २९,३८०.

५८० रुपये तोटा, आणि माझे तीन महिने धरलेले नाहीत. नमुना पहिल्याच दिवशी एकेरी घातला असता आणि जुन्या कापडाचा घातला असता, तर तीन हजारांच्या आसपास हातात राहिले असते. बायकांनी नमुन्याचे पैसे नको म्हटलं होतं, "बिघडली ती बिघडली". मी दिले. बिघडवली मी होती.

मला पुष्कळ जण सुचवतात की बचत गट सरकारच्या उमेद अभियानात नोंदवा, मुंबईला बचत गटांच्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनात स्टॉल लावा. लावूही. पण सरसला थोड्या दिवसांत विकायला शंभर नग लागतात, आणि शंभर नगांना शंभर लुगडी. गावात नेसणाऱ्या सात आहेत. कोरं सुती कापड आणून शिवता येईल, काही ठिकाणी तसंच करतात आणि काम सुबक असतं. फक्त कोऱ्या कापडाचा भाव धरला की १,६०० ची वाकळ अडीच हजारांच्या पुढे जाते. आणि वीस धुण्यांपर्यंत ती अंगाला टोचते. गिऱ्हाईक तेवढं थांबत नाही.

फेब्रुवारीत एक वाकळ दुरुस्तीला परत आली. कुणाच्या तरी बॅगेच्या चेनमध्ये अडकून काठाला वीतभर फाटली होती. सोबत चिठ्ठी, "शक्यतो दिसणार नाही असं जोडा." आक्काने चिठ्ठी माझ्याकडून वाचून घेतली. मग डब्यातून एक जांभळा तुकडा काढला, ओला रुमाल घासून बघितला, आणि फाटल्या जागी पानाच्या आकाराचं ठिगळ लावलं, भोवती पिवळ्या दोऱ्याने दोन फेरे. पार लांबून दिसेल असं. मी म्हटलं, त्यांनी न दिसणारं सांगितलंय.

"न दिसणारं फाटतंय पुन्हा," ती म्हणाली आणि दोरा दाताने तोडला.

परत पाठवताना मी काही लिहिलं नाही. आठवड्याने होमस्टेतून फोन आला. वाटलं तक्रार आहे. एका पाहुण्या बाईंना नेमकी तीच वाकळ विकत हवी होती, द्यायची का, आणि दिली तर भाव काय सांगायचा, असं ते विचारत होते. मी फोन आक्काच्या हातात दिला.